अध्यक्षांचाच विषय

आमच्या धानाई सहकारी बँकेच्या आमसभेत लोकांचं अर्धं लक्ष मांडवामागे शिजणाऱ्या भाताकडे असतं. त्यातून एक वाईट सवय पडली आहे. व्यवस्थापकांनी विषय वाचायला घेतला, चार शब्द कानावर पडले, की मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' सुरू. आपण काय मंजूर केलं हे मग पंगतीत एकमेकांना विचारायचं. मला ह्या सवयीची चीड आहे आणि ती मी कधी लपवली नाही.

बँकेचा अभिमान आहे, तोही लपवत नाही. अड्याळच्या बाजारात सतरंजी टाकून आम्ही तिचे भाग, म्हणजे शेअर, विकले होते. मी बायकांच्या घरोघरी फिरले. आज लाखांदूरला शाखा आहे, सानगडीला आहे, आणि ऑडिटचा 'अ' वर्ग आम्ही एकदाही सोडला नाही. संचालकांच्या सोयऱ्यांनी पतसंस्था बुडवल्याचं आपण ऐकतोच. आमची बँक उभी राहिली ती माझ्या यजमानांमुळे, पुंडलिकरावांमुळे. अध्यक्ष झाल्या झाल्या त्यांनी शिस्त लावली: ज्या संचालकाच्या घरचा किंवा नात्यातला विषय असेल, त्याने बैठकीतून उठून बाहेर जायचं. आमच्या प्रविणला ट्रॅक्टर घ्यायचा होता, तर त्याला सरळ दुसऱ्या बँकेत पाठवलं. पोरगा कितीतरी दिवस बापाशी बोलला नाही. मीही ह्यांच्याशी तुसडेपणाने वागले, पण आतून माझी छाती फुगली होती.

यंदा नियमाप्रमाणे ह्यांची मुदत संपत होती. तेव्हा उपाध्यक्ष घनश्यामभाऊंनी टूम काढली, साहेबांना 'कायम मार्गदर्शक' करायचं. सभेच्या दिवशी सकाळी मी विषय काढला.

"ह्या भानगडीत पडू नका जी. आजवर कमावलेलं नाव घेऊन गुमान घरी या."

"लोकायलेच वाटते तं मी काय करू?" असं म्हणून त्यांनी तोंडासमोर पेपर धरला. मला कळलं, ह्यांनाही ते हवंच आहे. एवढी वर्षं सांभाळलेलं नाव एका दुपारीत मातीत जाणार, आणि तेही जेवायची घाई झालेल्या लोकांच्या तोंडून.

सभेत विषय क्रमांक नऊ आला. व्यवस्थापक सचिन वाचू लागले, "माननीय अध्यक्ष पुंडलिकराव यांना मार्गदर्शक म्हणून..." आणि झालं, 'मंजूर, मंजूर'. टाळ्याही पडल्या. मी बायकांच्या रांगेतून उठले. आमच्याकडे आमसभेत बायका उठतात त्या ताटं वाढायला, म्हणून दोघीचौघी माझ्यासोबतच उठल्या. मी त्यांना खाली बसवलं.

"सचिनभाऊ, मले ऐकू नाही आलं. पूर्ण वाचा."

सचिन ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी मान हलवली. मग सगळं वाचून झालं. पद तहहयात. त्याला निवडणूक नाही. मोठं कर्ज द्यायचं तर मार्गदर्शकांची संमती लागणार. मागच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"उद्या त्याहीचं काही चुकलं, तं त्याहीले हटवाचं कोणी?" मी विचारलं.

घनश्यामभाऊ हसत म्हणाले, "वहिनी, साहेब का परके हायेत? हा तं त्याहीचा मान हाय."

"मान कराचा हाय तं हार घाला, शाल द्या. तिजोरीची चावी कायले देता?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. चारचौघांत मी ह्यांना कधी उलटून बोलले नव्हते, पण आता थांबणं जमणार नव्हतं. मी ह्यांच्याकडेच वळले.

"अन् तुम्ही जी, अध्यक्षसाहेब. घनश्यामभाऊच्या साळ्याचं कर्ज निघालं होतं, तवा त्याहीले बाहेर पाठवलं होतं ना? मंग आज तुमच्याच विषयाले तुम्ही खुर्चीवर काहून बसून राहिले?"

ह्यांचा चेहरा पडला. खरंच विसरले होते. दुसऱ्याला कधी विसरू दिलं नाही, आणि स्वतःच्या वेळी विसरले. सभेचं काम घनश्यामभाऊंकडे देऊन ते उठले आणि बाहेर गेले.

घनश्यामभाऊंना मतं घ्यावीच लागली. विरोधात सगळ्यात आधी माझा हात वर गेला. मग विणकर राजकुमारभाऊंचा, मग माझ्या शेजारच्या सुशीलाबाईंचा, आणि मग बघता बघता सगळा मांडव.

निकाल सांगायला मीच बाहेर गेले. हे आचाऱ्याच्या चुलीपाशी उभे होते, धुराने की कशाने डोळे लाल.

"का झालं?"

"पडला विषय."

"तुयं मत?"

"विरोधात. पयला हात माहाच होता."

त्यांनी चुलीबाहेर आलेलं लाकूड पायाने आत सारलं. आता घरी अबोला, असं मी धरूनच चालले होते.

"सचिनले सांगजो," ते म्हणाले, "प्रोसिडिंगच्या वहीमंधी नीट लिहाचं. विषय सुरू असताना अध्यक्ष खुर्चीवर बसून होते, सभासद चंद्रभागाबाईनं हरकत घेतली, तवा ते बाहेर गेले."

"राहू द्या ना जी. बाहेर गेले एवढंच लिहिलं तं नाही चालत का?"

"नाही चालत. पुढचा अध्यक्ष वाचीन ते. त्याले उठाचं कोण सांगन?"

आणि ते आत गेले, माझ्याकडे न बघता, ताठ मानेने, सभेचं उरलेलं काम पुरं करायला. मी चुलीपाशीच थांबले. आचाऱ्याने विचारलं, "बाई, रडून काहून राहिल्या?" मी म्हटलं, "तो अध्यक्ष हाय ना, माहा नवरा हाय तो."