काळी चार थरथरते

हे २०२२ सालचं. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि कांदिवलीच्या आमच्या महिला भजनी मंडळाची पेटी मी एकोणीस वर्षं वाजवत होते. पेटी वडिलांची, शिकवलीही त्यांनीच. ते गिरणीत मागखात्यात होते. तिथल्या धडधडाटात माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. पन्नाशीतच त्यांचे कान गेले आणि एके दिवशी त्यांनी पेटी माझ्या सासरी आणून ठेवली. "आता तूच वाजव," एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी पेटीला हात लावला नाही.

श्रावणात मंडळात गाणाऱ्या क्षमाने मला तोंडावर सांगितलं, "कमळताई, राग मानू नका. आम्ही कुठे वर चढतो ते तुम्हाला कळत नाही, पेटी मागेच राहते. दत्तजयंतीला देवळात बाहेरची मंडळं येणार. तोवर काहीतरी करा, नाहीतर पेटीवर मी बसते." क्षमा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण खोटं बोलत नाही.

त्याच आठवड्यात माझा मुलगा सुशांत मला बोरीवलीला कान तपासायला घेऊन गेला. तपासणारी नमिता तिशीची असेल. तिने कागदावर रेघ काढली, एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला घसरगुंडी.

"आजी, जाड आवाज तुम्हाला येतात, बारीक येत नाहीत. स, फ, थ हे बारीक. म्हणून कुणी बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. कानाचं यंत्र सगळंच मोठं करत नाही, तुमचं जे कमी आहे तेच वाढवतं. पण डोक्याला हे आवाज ओळखायची सवय राहिलेली नाही. रोज दहा तास घाला, दोन महिने तरी."

"दहा तास? अगं, मी मंगळसूत्रसुद्धा एवढं घालत नाही."

घातलं मात्र. पहिला आठवडा पंखा, प्लॅस्टिकची पिशवी आणि माझ्याच चपला यांनी डोकं उठवलं. तिसऱ्या आठवड्यात सून जान्हवी स्वयंपाकघरातून काय विचारते ते बाहेरच्या खोलीत कळायला लागलं. मग मी पेटी काढली आणि काळी चार ही पट्टी दाबून धरली. सूर थरथरला, जख्ख म्हाताऱ्याच्या आवाजासारखा.

मला वाटलं, पेटीच गेली. मालाडला पेट्या दुरुस्त करणाऱ्या धोंडिरामकडे नेली. चार दिवस ठेवून त्याने परत दिली, तरी तेच. पुन्हा नेली. आमच्या मालवणकडचाच तो, चिडला. "बाय, पेटीक कायएक झाला नाय. उगाच माका पिडू नको."

दुसऱ्या दिवशी कपडे धुऊन झाल्यावर वॉशिंग मशीन वाजलं, तेही थरथरत. दुपारी कुकरची लांब शिट्टी झाली, तीही तशीच. पेटी बिघडली हे समजू शकते, पण मशीन आणि कुकर त्याच महिन्यात कसे बिघडतील? मी यंत्रं काढून ठेवली आणि काळी चार दाबली. सूर हळू आला, पण सरळ. यंत्रं घातली, पुन्हा थरथर. मग एकेक पट्टी धरून वहीत लिहिलं. वरच्या सप्तकात जास्त, खाली कमी.

सुशांत म्हणाला, "आई, होईल सवय."

"बेसुराची सवय झाली तर मग उठायचंच पेटीवरून," मी म्हटलं, आणि पेटी रिक्षात घालून नमिताकडे गेले.

तिने वही वाचली, पेटी टेबलावर ठेवून घेतली आणि मला वाजवायला लावलं. मग समजावलं. "यंत्रातून निघालेला आवाज पुन्हा त्याच्याच माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. ती मोडायची सोय आत असते. एकसारखा लांब सूर आला की यंत्राला ती शिट्टीच वाटते आणि ते सूर मोडायला जातं, म्हणून थरथर."

"म्हणजे वडिलांच्या पेटीला ते शिट्टी समजतं?"

"हो."

"मग त्याला समजव."

ती हसली. तिने गाण्यासाठी वेगळी सेटिंग करून दिली. यंत्रावरचं बटण दाबलं की शिट्टी मोडणं कमी आणि गोंगाट दाबणं बंद. पण मग खरोखरच शिट्टी वाजू लागली, कारण कानातलं रबरी टोक सैल होतं. तिने कानाचं माप घेऊन घट्ट बसणारा साचा करवून घेतला. एकूण चार खेपा झाल्या, चारही वेळा पेटी बरोबर. शेवटी तिने बजावलं, "देवळात चारजणी एकदम बोलल्या तर कळणार नाही हं. तेवढं यंत्राच्या हातात नाही."

"मला बोलायचं नाहीये, वाजवायचंय."

दत्तजयंतीला पेटीवर मी बसले. क्षमा अभंगात मुद्दाम वर गेली, मी तिच्याबरोबर गेले. मध्येच पदर घासून उजव्या कानात शिट्टी वाजली आणि पुढच्या रांगेतल्या बायका बघायला लागल्या. मी हात थांबवला नाही. उठताना क्षमा म्हणाली, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

नमिता लग्न होऊन नाशिकला गेली. तिच्या जागी आलेल्या मुलाला पेटीचं सगळं मी पहिल्यापासून सांगितलं. धोंडिराम गेल्या वर्षी वारला. त्याला पिडल्याची माफी मी आधीच मागून घेतली होती, नारळाच्या वड्या नेऊन. सुशांत आता टीव्ही मोठ्याने लावतो आणि कान तपासायचं म्हटलं की त्याला ऑफिसची कामं आठवतात. जान्हवी पेटी शिकतेय, बोटं जरा जड आहेत. एकादशीला क्षमा वाजवते. गुरुवारी आणि दत्तजयंतीला मी.