भांड्याचं टोपडं

न बोलावता पानावर बसायचं नाही, हा तुंगाबाईंच्या घरचा कायदा. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, तेव्हापासूनचा कायदा, असं त्या सांगायच्या. घोडदळाचा आणि पानाचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. न बोलावता येतं ते मांजर, माणूस नव्हे, एवढं बोलून त्या विषय संपवायच्या. नवरा होता तोवर त्या घरातल्या एकेकाला हाका मारायच्या, मोरीत अंघोळ करत असेल त्यालासुद्धा. सगळे बसले की सदाशिवराव मागं वळून म्हणायचे, "तुंगा, ऊटक्के बा." जेवायला ये, एवढाच त्याचा अर्थ. बाकी त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही गोड बोलल्याचं कुणाला आठवत नाही, पण ही हाक कधी चुकली नाही.

सदाशिवराव गेले आणि पुढच्या वर्षी तुंगाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हैसूरजवळच्या हिनकलचं त्यांचं घर दोन मजली. स्वयंपाकघर, टेबल, टीव्ही सगळं वर. डॉक्टरांनी काही दिवस जिने चढू नका म्हटलं, म्हणून मुलानं, राघवेंद्रनं, त्यांची खाट खालच्या मागच्या खोलीत टाकली. जेवण खाली येऊ लागलं. गुडघा बरा झाला, तुंगाबाई रोज सकाळी गल्लीच्या टोकाच्या गणपतीपर्यंत जाऊन देवळाच्या पायऱ्या चढू लागल्या, तरी जेवण खालीच येत राहिलं. आता वर या, असं कुणी म्हणेना. आणि कुणी म्हटल्याशिवाय तुंगाबाई वर जातील? नाव सोडा!

रात्री आठला त्या गोळी घ्यायच्या आणि एकट्या जेवायला बसायच्या. वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मग आणखी एक. ताटं वाजायची, मोठ्यानं हसणं ऐकू यायचं. राघवेंद्र, सून सुमा, नात नव्या, तिघं टेबलाभोवती बसून मजेत जेवताहेत, असं चित्र तुंगाबाईंच्या डोळ्यांपुढं उभं राहायचं आणि घास हातातच राहायचा.

सुमा हायस्कुलात गणित शिकवायची. पाचला घरी आली की पदर खोचून स्वयंपाक, आणि सातपासून आतल्या खोलीत लॅपटॉपवर मुलांचा क्लास. म्हणून ती साडेसहालाच सासूचं जेवण खाली आणून ठेवायची. बाई कामाची, स्वभावानंही वाईट नाही. पण गणितवाली ती! तक्रार आली की आधी तक्रार सोडवायला बसायची, तक्रार करणाऱ्याचं तोंड बघायची नाही. नेमका इथंच घोळ झाला.

"जेवण गार होतं गं," तुंगाबाई एक दिवस हळूच म्हणाल्या. त्यांचा हिशोब सरळ होता. सुमा म्हणेल, अत्ते, खाली आणेपर्यंत गार होतं, तुम्ही वरच या ना. सुमा सासूला कानडी रिवाजानं अत्ते म्हणायची.

सुमा म्हणाली, "हो का? बघते हं."

दुसऱ्या दिवशी डबा टर्किश टॉवेलात गुंडाळून आला.

"गारच होतं," तुंगाबाई म्हणाल्या.

आठवड्यात नवा कोरा हॉटपॅक आला. तुंगाबाईंनी कपाळावर हात मारला. "अय्यो, सुम्मने, उगाच कशाला खर्च केलास! म्हातारीला काय, गार काय नि गरम काय."

एवढं बोलल्यावर दगडालाही कळलं असतं. सुमाला कळलं नाही. शाळेची सहल बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत गेली होती, तिथल्या एका दुकानात चहाच्या किटलीवर तिनं जाड गादीसारखं कव्हर बघितलं. दुकानदारीणबाईला विचारून, कागदावर आकृती काढून ती घरी आली. रविवारी मशीनवर बसली, जुन्या रजईतला कापूस पिंजून घेतला, पडद्याच्या उरलेल्या कापडाची खोळ केली. खाली बसायला गोल गिरदी आणि वरून कानापर्यंत येणारं टोपडं. बाळंतिणीच्या बाळाला घालतात, अगदी तसलं. आत जेवणाचं भांडं.

"आता बघा, अत्ते," ती खुशीत म्हणाली. "नऊ वाजले तरी गार व्हायचं नाही."

आणि मेलं तसंच झालं! त्या दिवशी रागी मुद्दे होतं. नाचणीच्या पिठाचा हा वाफाळता गोळा गरम असेतो लोण्यासारखा, आणि गार झाला की दगड. एकदा दगड झाला की पुन्हा कितीही गरम करा, तो काही मऊ होत नाही. आठ वाजता तुंगाबाईंनी टोपडं काढलं, तर भांड्याचा बोटांना चटका बसला. सांबारातून वाफ निघाली. त्यांनी गोळ्यात बोट घातलं, तर तो नुकता वळल्यासारखा मऊ. वर खुर्ची सरकली, कुणीतरी खदखदून हसलं. तुंगाबाई त्या वाफेकडं बघत बसल्या. आता काय सांगणार, कोणत्या तोंडानं?

मग त्यांनी जे केलं ते सांगायला माझीच जीभ अडखळते. त्यांनी टोपडं बाजूला ठेवलं, झाकण काढलं, भांडं खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवलं आणि पंखा पाचवर सोडला. डिसेंबरचे दिवस. स्वतः शाल गुंडाळून खाटेवर बसल्या आणि मधूनमधून उठून सांबार डावानं ढवळत राहिल्या. गोळ्याला भेगा पडल्यावर दोन घास कसेबसे गिळले. उरलेलं भांड्यात ठेवून वर टोपडं नीट चढवलं आणि सकाळी सुमाला म्हणाल्या, "काही उपयोग नाही बघ."

सुमाचा चेहरा उतरला. तिनं टोपड्यात आणखी कापूस भरला.

असं रोज चाललं. आपण अन्नाची नासाडी करतोय, हे तुंगाबाईंना कळत नव्हतं थोडंच? रोज पंख्याचं बटण दाबताना त्या भिंतीवरच्या सदाशिवरावांच्या फोटोकडं पाठ करायच्या. पण हट्टाला पेटलं की माणूस आंधळं होतं. भरीस भर म्हणून बेंगळुरूच्या लेकीला, पावनीला, फोनवर त्या रडवेल्या आवाजात सांगून बसल्या, "गारढोण जेवते गं मी. असू दे. दिवस ढकलायचे."

पावनी म्हणजे आग. शनिवारी रात्री न कळवता गाडीनं आली आणि थेट आईच्या खोलीच्या दारात उभी राहिली. नशीब असं की तुंगाबाईंनी नुकतंच गार करून टोपडं परत चढवलं होतं. पंखा अजून भणभणत होता.

"थंडीत पंखा कसला, आई?"

"डास आहेत," तुंगाबाई म्हणाल्या.

पावनीनं टोपडं उचललं, भांड्यात बोट घातलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे खरंच! वरून हे सोंग, आणि आत बर्फ!" तिनं टोपडं खाटेवर फेकलं आणि भांडं घेऊन ती धडधडत जिना चढून गेली.

तुंगाबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. "पावनी, थांब," एवढंच म्हणायचं होतं. निघालं नाही. त्या मूग गिळून बसल्या आणि वरचं सगळं ऐकत राहिल्या.

"वैनी! हे बघा! हे घालता माझ्या आईला?"

"अगं, तिचा क्लास चालू आहे," राघवेंद्रचा आवाज.

"चालू असू दे! मॅडम घरी काय करतात ते पोरांनाही कळू दे!"

सुमा काहीतरी हळू बोलली, ते खाली ऐकू आलं नाही. मग पुन्हा पावनी, "मी उद्याच आईला बेंगळुरूला नेते. तुमच्या दारात ती यापुढं एक घास खाणार नाही."

मग काहीच ऐकू येईना.  नकळत त्यांनी टोपडं मांडीवर घेतलं होतं.  त्यांनी ते उलटून बघितलं. आतल्या बाजूला, जिथं कुणी कधी बघणार नाही तिथंही, टाके बारीक आणि सरळ होते. दिवसभर शाळेत उभी राहणारी बाई रविवारी पाठ मोडेस्तोवर हे शिवत बसली, आणि आपण काय केलं? तुंगाबाईंना लाज वाटली. कान गरम झाले. भुईनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते त्यांना त्या रात्री कळलं.

त्या उठल्या. कुणी बोलावलं नव्हतं. टोपडं काखेत मारून, कठड्याला धरून त्या जिना चढल्या.

वर आल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसलं ते टेबल. त्यावर वह्यांचे गठ्ठे, वायरी, इस्त्रीचे कपडे. तिथं कुणी जेवत असावं, असं काही लक्षणच नव्हतं. राघवेंद्र टीव्हीसमोर खुर्ची ओढून, ताट मांडीवर घेऊन बसला होता. टीव्हीवर माणसं खदखदा हसत होती. आईला बघून त्यानं घाईनं आवाज बंद केला. नव्याच्या बंद दाराबाहेर तिचं चाटूनपुसून खाल्लेलं ताट होतं. रोजच्या खुर्च्या, रोजचं हसणं तुंगाबाईंना एका क्षणात कळलं. एकेक जण आपापल्या वेळेला एकेक खुर्ची सरकवत होता.

स्वयंपाकघरात पावनी कमरेवर हात ठेवून उभी होती. सुमा ओट्याशी, भिंतीकडं तोंड करून. ओट्यावर एक ताट दुसऱ्या ताटानं झाकलेलं होतं. तुंगाबाईंनी वरचं ताट उचललं. रागीचा गोळा, भेगा पडलेला. सांबारावर साय धरलेली.

"हे कुणाचं?"

"माझं," सुमा न वळता म्हणाली.

"गार झालंय की."

"क्लास संपेतो होतंच, अत्ते. एकटीसाठी परत गॅस कोण पेटवतो?"

"मग यावर काही घालत का नाहीस?"

"टोपडं एकच आहे ना," सुमा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तुंगाबाईंनी टोपडं ओट्यावर ठेवलं. "पावनी, तिला एक शब्द बोलू नकोस. ती गरमच देते. गार मी करते."

"काय?"

"पंख्याखाली ठेवते. ढवळते. रोज."

राघवेंद्र ताट हातात घेऊनच दारात आला. पावनी ओरडली, "आई, वेड लागलंय का तुला? कशासाठी?"

"कुणीतरी वर जेवायला बोलावेल म्हणून."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले तसे तुंगाबाईंना ते इतके बारके, इतके पोरकट वाटले की त्यांनी मान खाली घातली. सुमाकडं बघायचा धीर होईना. ती आता ओरडेल, टोपडं चुलीत घालेल, जे करेल ते कमीच, असं मनात म्हणत त्या वाट बघत राहिल्या.

सुमा वळली. डोळे लाल झालेले. 

"मला वाटायचं, तुम्हाला आमच्यात बसणं नको," ती म्हणाली. "गुडघा बरा झाला तरी तुम्ही वर आला नाहीत. म्हटलं, निदान जेवण तरी गरम द्यावं." पदरानं नाक पुसून ती पुढं म्हणाली, "आणि मलाही इथं जेवायला कुणी बोलावत नाही, अत्ते."

राघवेंद्रनं हातातलं ताट खाली ठेवलं. अख्ख्या घरात रोज एकच गरम जेवण असायचं, आणि ते तुंगाबाई पंख्याखाली गार करत होत्या.

"पावनी, पाणी ठेव," त्या म्हणाल्या. "रागीचं पीठ कुठं आहे?" मुद्दे घोटायची लाकडी काठी त्यांच्या हातात बऱ्याच दिवसांनी आली. पीठ घोटताना गुडघा ठणकला, त्यांनी लक्ष दिलं नाही. राघवेंद्रनं न सांगता टेबलावरच्या वह्या उचलल्या, खुर्च्यांवरचे कपडे उचलले, नव्याचं दार वाजवलं. पावनी सांबार ढवळत होती. मधेच ती "वैनी..." म्हणाली आणि पुन्हा डाव फिरवू लागली.

पानं मांडून झाली. तुंगाबाई खुर्चीमागं उभ्या राहिल्या.  

"सुमा, ऊटक्के बा."

सुमा आली, बसली. तिनं गोळ्याचा तुकडा तोडला आणि बोटं झटकली. "स्स! भाजलं." जरा हसून म्हणाली, "सवयच गेली."

तुंगाबाई तिथंच उभ्या राहिल्या. ते वाक्य त्यांच्या काळजात रुतून बसलं.

"तुम्ही पण बसा, अत्ते. जेवायला चला," सुमा म्हणाली.

इतके दिवस जिच्यासाठी एवढं सगळं केलं, ती हाक आली होती. तुंगाबाई बसल्या. समोरच्या ताटातून वाफ वर येत होती. त्यांनी हात पुढं केला, पण घास उचलवेना. तशाच त्या ताटाकडं बघत राहिल्या.

"जेवा ना, अत्ते," सुमा म्हणाली. "गार होतंय."