आत्याबाईंच्या शेजारचं बाळंतपण

मेट्रन कायमच्या राहायला येणार म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न उठला तो त्यांच्या गुडघ्याचा नव्हे, खोलीचा.

मेट्रन म्हणजे सासूबाई. अख्खी नोकरी प्रसूतिगृहात झालेली. निवृत्त झाल्या तरी हुद्दा काही अंगावरून उतरला नाही, त्यामुळे पोटचा मुलगासुद्धा पाठीमागे त्यांना मेट्रनच म्हणायचा. आणि खोली म्हणजे घरातली एकुलती एक उन्हाची खोली. तिथे सून काचेच्या पेट्यांमध्ये जंगलं लावायची. तळाला खडी, तिच्यावर जाळी, वर काथ्याची भुसभुशीत माती, मग शेवाळ, नेचे आणि झाडाच्या सालीचा एखादा वाकडा तुकडा. हे सगळं कुणासाठी, तर केसाळ कोळ्यांसाठी आणि हात जोडून उभ्या राहणाऱ्या मँटिस किड्यांसाठी. हौशी लोक ते पाळतात आणि त्यांची घरं हिच्याकडून बांधून घेतात. "माणसांना जागा मिळेना, आणि हिच्या गिऱ्हाइकांना बागेसकट बंगला!" असं नवरा चारचौघांत कौतुकानं सांगायचा.

मेट्रननी आल्या आल्या काठी टेकत वॉर्डाची फेरी काढली.

"यात कोण?"

"आत्याबाई," मुलगा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

पेटीत तळहाताएवढी टॅरँट्युला, म्हणजे केसाळ कोळीण होती. दिवसच्या दिवस एका जागी ठाण मांडून बसायची, आणि कुणी जरा छेडलं की मागच्या पायांनी अंगावरचे केस झाडायची. ते ज्याला लागले तो दोन दिवस खाजवत बसे. खऱ्या आत्याबाई, म्हणजे मेट्रनची सख्खी नणंद, थेट अशाच. मेट्रननी चष्मा पुसून काचेला नाक लावलं.

"केस वन्संचेच आहेत," त्या म्हणाल्या. ओठांचा कोपरा हलल्यासारखा सुनेला वाटला, पण तेवढंच. पुढच्या क्षणी निकाल लागला. "राहू दे तुझं हे. मी हॉलमध्ये झोपेन. पण काचेबाहेर एक जरी पाय दिसला, तर त्या दिवशी माझी खाट इथे येईल. माझ्या गुडघ्यालाही ऊन लागतं."

मागणी रास्त होती, तिथेच तर सुनेची पंचाईत होती. दुसऱ्या खोल्यांत उन्हाचा कवडसा नाही. ऊन नाही तर नेचे नाहीत, आणि नेचे नाहीत तर ती तरी कसली? पुस्तकं चाळून, चुका करून, स्वतःच्या हातानं शिकलेलं हे एवढंच तिचं होतं.

तेव्हा एका शिक्षिकेसाठी मँटिसची पेटी चालू होती. मागची भिंत तिनं फवाऱ्याच्या फोमनं फुगवली, सुरीनं कोरून तिचा खडक केला. पुढ्यात रस्त्याकडेची एक वाळकी फांदी रोवली. बाहेरून आणलेलं लाकूड आधी उकळायचं, हा तिचाच नियम. पण फांदीवर शेवाळाची इतकी सुरेख नक्षी होती, की उकळायचा जीव होईना. फांदीला एक भुरकट, फुगीर गोळाही चिकटला होता. फोम तर तिच्या कोपरांवर, केसांत, नवऱ्याच्या चपलांवर, कुठेही सापडायचा. इथेही उडाला असेल. शोभतोय की, म्हणून तिनं तो तसाच ठेवला.

ऊन तापायला लागल्यावर एका सकाळी, नवरा कामावर गेल्यावर, खोलीतून हाक आली. "सूनबाई, ये इकडे. धावू नकोस. हळू ये."

गुडघा शेकायला मेट्रन खुर्चीत बसल्या होत्या. समोर त्या गोळ्यातून बारीक धाग्यांना लोंबकळत पिल्लं गळत होती. तो फोम नव्हताच, मँटिसच्या अंड्यांचा कोष होता. एकेक पिल्लू पाय सोडवून घ्यायचं, उभं राहायचं आणि चालू पडायचं. झाकणाची जाळी मोठ्या मँटिसच्या मापाची, पिल्लांना ती वेशीएवढी. पडद्यावर पिल्लं, खिडकीत पिल्लं, मेट्रनच्या पांढऱ्या शालीवरून तर वरातच निघालेली.

एक पाय म्हणाल्या होत्या. इथे पायांचा हिशेबच नव्हता. गेली खोली, असं म्हणत सुनेनं फडकं उचललं.

"फडकं खाली ठेव! पंखा बंद कर आधी. खिडकी लाव. रंगाचा मऊ ब्रश आहे ना तुझा? आण. आणि बरण्या, तोंडाला मलमलीचा कपडा बांधून."

सून पळाली. मग दोघींनी मिळून ब्रशच्या टोकावर एकेकाला उचललं. एकाचा पाय गळून पडणाऱ्या कातडीत अडकला होता. मेट्रननी श्वास रोखून तो सोडवला. पिल्लानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, हा बघतोय माझ्याकडे!"

"मँटिस बघतात, आई. मान वळवून."

"आमची बाळं आधी भोकाडच पसरायची." त्यांनी त्याला अलगद बरणीत उतरवलं. "आई कुठेय यांची?"

"अंडी घालून गेली असेल."

"आणि बाप?"

सून घुटमळली. "त्याला… बहुतेक तिनंच खाल्लं असेल."

मेट्रननी पुढचं पिल्लू ब्रशवर घेतलं. "बरं झालं. निदान बाहेर बसून सिगारेटी तरी फुंकल्या नाहीत."

सुनेच्या हातातला ब्रश हसून हसून खाली पडला.

संध्याकाळी नवऱ्यानं दार ढकललं, तोच दोन आवाज एकदम आले, "दार लाव! वारा येतोय!" तो बिचारा बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आता ठरल्याप्रमाणे," मेट्रन म्हणाल्या. "पाय बाहेर आला. माझी खाट इथे आणा."

सुनेचा चेहरा उतरला. तिनं कडेची पेटी दोन्ही हातांनी उचलली.

"ती कुठे निघालीस घेऊन?"

"खोली रिकामी…"

"खाट आणा म्हटलं मी, पेट्या न्या म्हटलं का? ती मांडणी जरा सरकव, भिंतीशी मावेन मी. एवढी लेकरं, आणि रात्रपाळीला कुणी नको?" मग आवाज किंचित खाली आणून, "आणि उद्या मला ती माती भरायला शिकव. बसून होतं ना ते?"

"बसूनच होतं, आई," सून म्हणाली. पेटी खाली ठेवताना तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

खाट आली. उशाशी बरण्या लागल्या. शेजारच्या पेटीतल्या आत्याबाईंनी हा सगळा गलबला पाहिला, मागच्या पायांनी दोन केस झाडले, आणि सगळ्यांकडे पाठ फिरवून बसल्या.

"अगदी वन्सं," मेट्रन म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.