बाटलीतलं माप

मोहिनी घरात शिरली तसा सासूबाईंनी, भागाबाईंनी, हात पुढं केला. सुनेच्या अंगावर अजून कंडक्टरचा खाकी गणवेश होता, बूटही काढायचे होते, पण भागाबाईंना आधी बाटली हवी होती. मोहिनीनं पिशवीतला थर्मास उघडून ती दिली. भागाबाईंनी ती दाराशी नेऊन उजेडात धरली.

"एवढंच? काल याच्याहून जास्त व्हतं."

"दुपारनंतर कमीच येतं, आत्याबाई."

"काहून कमी येतं? दूध आटून राहिलं, दुसरं काय."

हातपाय धुऊन मोहिनीनं चार महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेतलं. लेक अशी तुटून पडली की भागाबाईंना त्यातही उपासमारच दिसली. फळीवर पावडरच्या दुधाचा डबा होता. तो त्यांनीच शिवप्रसादला, आपल्या मुलाला, आणायला लावला होता. "शुक्रवारी सिस्टरला दाखवते, मग फोडू," असं म्हणून मोहिनीनं तो अजून बंद ठेवला होता. पण खरं सांगायचं तर आता तिचाही धीर सुटत चालला होता.

या मोहिनीचं मला फार कौतुक वाटतं. पोटात बाळ असताना गाडीचे धक्के नकोत म्हणून तिनं रजा आधीच घेतली, आणि बाळ अंगावर पीत असतानाच ती संपली. तेव्हापासून कळमनुरीच्या स्टँडवर गाडी लागली की ड्रायव्हर रामसिंग चहाला जायचा आणि मोहिनी बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत. खांद्यावरची तिकिटांची बॅग खुंटीला अडकवायची, दाराला कडी घालायची आणि अंगावरचं दूध काढायचा हातपंप दाबत बसायचं. मनगट भरून यायचं, बाहेर भोंगे वाजायचे. दूध थंड ठेवायला बर्फ द्यायचा सरबताच्या गाड्यावरचा कलीम. कशाला हवा, हे त्या भल्या माणसानं एकदाही विचारलं नाही.

खच्चून भरलेल्या गाडीत कोण कुठं चढलं, कुणाचं तिकीट राहिलं, हे मोहिनीला चेहऱ्यावरून कळायचं. स्वतःच्या दुधाचं मात्र काही कळेना. पंप दाबताना तिची नजर बाटलीवरच्या रेघेवर खिळलेली असायची. दूध रेघेपर्यंत आलं नाही की छातीत धस्स व्हायचं, आणि मग उरलेलंही यायचं थांबायचं.

शुक्रवारी तिची सुट्टी होती. सासू-सुना बाळाला घेऊन दवाखान्यात गेल्या. फरहीन सिस्टरनी पोरीला वजनाच्या काट्यावर ठेवलं.

"वजन तर छान वाढलंय. लघवी करते ना बराबर?"

"लंगोट वाळवायला दोरी पुरत न्हाई," भागाबाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या.

"मग तकलीफ काय आहे?"

मोहिनीनं पिशवीतून रिकामी बाटली काढली. "यात लई कमी येतं, सिस्टर. आत्याबाई म्हणतात, दूध आटलं. मलाबी आता तसंच वाटून राहिलं." आणि तिला रडू आलं. भर गाडीत दारुड्यांना खाली उतरवणारी ही बाई, तिथं लहान मुलीसारखी रडली.

सिस्टरनी बाटली हातात घेतली. "यात आलं ते पंपाला जमलं तेवढं. तुमच्या अंगावर किती आहे ते यावरून कसं कळणार? लेकरू ओढतं तसं पंपाला ओढता येत नाही. सकाळी जास्त येतं, संध्याकाळी कमी, घाईत आणखी कमी. सगळ्या आयांचं असंच असतं. दुधाचं माप काढायचं तर पोरीकडं बघा. पंप करताना बाटलीकडं बघत बसता का?"

"व्हय. रेघेवरच नजर राहती."

"नका बघू. पोरीचं झबलं जवळ ठेवा आणि तिला आठवा."

"शेळीबी पान्हा चोरती," भागाबाई हळूच म्हणाल्या. "नवखा हात लागला का चोरती. पिलू म्होरं आणलं का सोडती."

घरी येऊन ओसरीवर टेकल्यावर भागाबाई, मोहिनीकडं न बघता, म्हणाल्या, "शिवा असाच लहान व्हता. एक दिस सासूनं वाटी आणली. म्हणली, पिळून दाखव. चार बाया बसल्या व्हत्या. लाजंनं मी अंग चोरून बसली. वाटीचं बूडबी झाकलं न्हाई. सासू म्हणली, ही कोरडी हाय. तवापासून शिवाला शेळीचं दूध. रातीला पोरगं माझ्याकडं तोंड करून रडायचं, आन् मी पाठ फिरवून निजायची."

त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"दुधानं पदर भिजायचा माझा, मोहिनी. रोज भिजायचा. तरीबी मला वाटलं, सासू म्हणती तेच खरं. जन्मभर शेळ्या पिळल्या, पण सोताचं काई उमगलं न्हाई."

मोहिनीनं पोरीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी निघताना भागाबाईंनी तिच्या पिशवीत पोरीचं झबलं घातलं. "धुतलेलं न्हाई देत. वास राहिला पायजे." कळमनुरीला मोहिनीनं ते गालाशी धरलं, डोळे मिटले आणि पंप दाबत राहिली. झाल्यावर बाटली तिनं झबल्यातच गुंडाळून थर्मासात बर्फावर ठेवली. किती आलं ते पाहिलं नाही.

संध्याकाळी भागाबाईंनी हात पुढं केला. झबलं उलगडून बाटली घेतली, पण दाराकडं गेल्या नाहीत.

"जा, हात धू. लेकरू वाट बघून राहिलं."

बर्फातून आलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटलं होतं. भागाबाईंनी रेघांवर पदर धरून ती पुसली आणि फ्रीजमध्ये ठेवली. पदर चांगलाच ओला झाला. तो त्यांनी पिळला नाही, तसाच छातीशी घेऊन त्या सुनेजवळ येऊन बसल्या.