बर्फाच्या देशातला एक जण

थोरल्याने खिडकीचा पडदा ओढला, दाराला आतून कडी घातली, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, आणि मग कडी खरंच लागली आहे का ते बघायला तो पुन्हा उठला.

"दादा, आपण सिनेमा उतरवतोय," धाकटी म्हणाली. "बँक नाही फोडत."

"बाबांच्या लेखी दोन्ही एकच."

ते खरंच होतं. वडिलांची सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. निवृत्त होऊनही ते समोरच्याच्या आधी हाताकडे बघत, मग तोंडाकडे. एकदा त्यांनी सख्ख्या मेहुण्याला विनातिकीट पकडून दंड केला होता, आणि मेहुणा तेव्हा त्यांच्याच घरी जेवायला निघाला होता. जेवण व्यवस्थित वाढलं गेलं. ताटाशेजारी पावतीही ठेवली गेली.

घरातही त्यांची तपासणी चालू असे. कुणी नसलेल्या खोलीतला दिवा त्यांना सहन होत नसे. फ्रिजच्या आतला दिवा दार लावल्यावर नक्की विझतो ना, अशी त्यांना कायम शंका होती. फक्त मागच्या खोलीतला त्यांचा जुना संगणक तेवढा अहोरात्र चालू. निवृत्तीनंतर लावलेल्या फुकटच्या संगणक-क्लासची ती एकमेव कमाई. "बंद केला तर पुन्हा उठायचा नाही," ते म्हणत. "माझ्यासारखाच आहे."

सिनेमा मात्र साधा नव्हता. त्यात आई होती.

लग्नाआधी आईने एका सिनेमात लहानसं काम केलं होतं. सिनेमा सगळा एका बसमध्ये घडत होता, आणि चित्रीकरण चालू असताना त्या बसमध्ये एक तरुण तपासनीस चढला. त्याने कॅमेरा पाहिलाच नाही. नायकापासून दिवे धरणाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे त्याने तिकिटं मागितली. आईकडेही मागितली. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. सिनेमाचं मात्र काही झालं नाही. तो आला तसा गेला, बस भंगारात निघाली, निर्माता कर्ज बुडवून पळाला तो पुन्हा कुणालाच दिसला नाही.

धाकटी अजून अडखळत बोलत होती तेव्हा आई गेली. वडिलांनी आठवड्याभरात तिचं होतं नव्हतं ते सगळं वाटून टाकलं आणि त्यानंतर तिचा विषय काढला नाही. थोरला लहानपणी बहिणीला आईच्या आवाजाची नक्कल करून दाखवायचा. तो आवाज दर वेळी वेगळा यायचा. धाकटीला एवढंच हवं होतं: खरा कुठला, ते एकदा कानाने ऐकायचं.

शोधशोध शोधून तिला तो सिनेमा इंटरनेटच्या एका सांदीत सापडला होता, टॉरेंटवर. म्हणजे फाइल एका जागी ठेवलेली नसते. ज्यांच्याकडे ती असते ते आपापल्या संगणकावरून मागणाऱ्याला तुकडे देत राहतात. चालणाऱ्या सिनेमाला असे देणारे ढिगाने असतात. आईच्या सिनेमाला अख्ख्या जगात मिळून एक होता. तो एक कंटाळला, किंवा त्याचं यंत्र बिघडलं, की आईचा आवाज कायमचा गेला.

आणि आता पडद्यावर पाटी आली होती: मोफत मर्यादा संपली.

पाटी व्हीपीएनची होती. व्हीपीएन म्हणजे आपण घरात बसून परदेशातून बोलतोय असं जगाला वाटायला लावणारी सोय. ती फुकटातली घेतली होती, आणि तिने अर्ध्या वाटेवर हात वर केले. सिनेमा निम्माच उतरला होता.

"पैशाची घेऊ या," थोरला म्हणाला आणि लगेच नाकावरचा चष्मा सारखा केला. डाव्या काचेला तडा होता. तो चष्म्याच्याच दुकानात कामाला होता, त्यामुळे गिऱ्हाईकं त्याच्याकडे बघून विश्वासाने दुसऱ्या दुकानात जात. मालकाने काच बदलायला सांगितली होती. तेवढेच पैसे शिल्लक होते.

"तू आधी डोळ्यांचं बघ. व्हीपीएन लागतंच का, ते विचार त्याला."

तो म्हणजे मावसभाऊ. फोन दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. कुणाचातरी विसरलेला पासवर्ड त्याने एकदा शोधून दिला होता, तेव्हापासून नातेवाइकांत त्याला सायबर म्हणत. पासवर्ड त्या माणसाची जन्मतारीख होती.

"बिनव्हीपीएनचं?" स्पीकरवर सायबर ओरडला. "वेड लागलंय का? तुमचा पत्ता सगळ्यांना दिसेल."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" धाकटीने विचारलं. "देणारा एकच आहे."

"मग त्याला दिसेल."

"दिसू दे. तोही आमच्यातलाच."



"हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता," सायबर म्हणाला. "पण नेटच्या कंपनीने नोटीस पाठवली तर? कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या."

"मग तुम्ही गेलात."

थोरल्याने पाकिटाला हात घातला. धाकटीने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग तडा गेलेल्या काचेकडे, आणि व्हीपीएन बंद केलं.

पडद्यावरच्या यादीतून देणाऱ्याची ओळ, पुढच्या देशाच्या झेंड्यासकट, गेली. मग ती ओळ पुन्हा आली आणि इतके दिवस मुंगीच्या पावलांनी येणारा सिनेमा धरण फुटल्यासारखा आत येऊ लागला.

"हे काय झालं?" थोरल्याने लॅपटॉपला हात लावून पाहिला, ताप आलाय का म्हणून.

"याच्या पुढे देशाचा झेंडाच नाही," धाकटी म्हणाली. "नुसता पत्ता आहे. एकशेब्याण्णव, टिंब, एकशेअडुसष्ट—"

"घरातला आहे," फोन म्हणाला.

"कोण?"

"देणारा. एकशेब्याण्णव-एकशेअडुसष्ट बाहेर नसतो. तुमच्याच राउटरला जोडलेलं यंत्र आहे ते. इतके दिवस तुम्ही परदेशाला वळसा घालून शेजारच्या खोलीत जात होतात."

धाकटीने फोन ठेवला. दोघांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे जुन्या संगणकाचा पंखा घरघरत होता. तो त्यांना इतकी वर्षं ऐकूच येत नव्हता.

थोरल्याला कडी काढायला तीनदा प्रयत्न करावा लागला.

मागच्या खोलीत वडील बसच्या सीटवर बसले होते. दोघांची, रेक्झिन फाटलेली ती सीट त्यांनी फार पूर्वी भंगारातून आणली होती. का, ते कुणी विचारलं नव्हतं. ते मधोमध बसले होते आणि समोरच्या पडद्यावर तीच यादी होती, पलीकडच्या बाजूने दिसणारी.

"गेला," ते म्हणाले.

"कोण, बाबा?"

वडिलांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा हात पडदा झाकायला उठला आणि वाटेतच थांबला.

"एक जण होता. बर्फाच्या देशातला. झेंडा यायचा त्याचा. इतक्या वर्षांत पहिलाच चढला होता." त्यांनी हात मांडीवर ठेवला. "ओळख ना पाळख, भाषा येत असेल की नाही देव जाणे. एवढ्या लांबून तुमच्या आईला बघायला आला होता. अर्ध्या वाटेत उतरला."

तुमच्या आईला, हे शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारले होते ते थोरल्याला आठवेना.

"आणि हा बघा," वडिलांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आत्ता हा कुणी चढलाय. झेंडा नाही, काही नाही. विनातिकीट दिसतोय."

धाकटीने ओठ मिटून घेतले. थोरल्याने घसा खाकरला.

"पण बाबा, सिनेमा असा फुकट वाटायचा म्हणजे..."

"ज्याची गाडी तो ती रस्त्यात टाकून पळाला," वडील म्हणाले. "प्रवाशांना कुणीतरी पोचवायला नको?"

दोघं आपल्या खोलीत परत आले तोवर सिनेमा पूर्ण उतरला होता. आई शेवटाकडे कुठेतरी बसमध्ये चढली. बराच वेळ तिची पाठच दिसली. मग एका सीटपाशी येऊन ती तिथल्या माणसाला म्हणाली, "जरा सरका, मी पण बसते."

आवाज घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा, आणि थोडा वैतागलेला.

धाकटीने मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.

"मी करायचो तसा नाहीये," थोरला म्हणाला.

"एकदाही नव्हता."

दुसऱ्या दिवशी थोरला दुकानातून परतला तेव्हा काच तशीच होती. त्याने लॅपटॉप उघडला, उतरलेला सिनेमा एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवला, पैसे भरून व्हीपीएन घेतलं, देशांच्या यादीतला बर्फाचा देश निवडला, आणि तोच सिनेमा पहिल्यापासून पुन्हा उतरवायला लावला. कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी त्याने काढून टाकली.

थोड्या वेळाने धाकटी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. वडील सीटच्या मधोमध, पडद्याकडे तोंड करून बसले होते. यादीत झेंडा परत आला होता.

"जरा सरका, मी पण बसते," ती म्हणाली.

वडील जागचे हलले नाहीत. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हाताकडे नाही, सरळ तोंडाकडे, बराच वेळ. पलीकडच्या भिंतीतून लॅपटॉपचं बारीक पीं ऐकू आलं आणि थोरल्याने घाईघाईने आवाज बंद केल्याचंही ऐकू आलं.

वडील खिडकीच्या बाजूला सरकले. धाकटी बसली.

"आला वाटतं परत," ती झेंड्याकडे बघत म्हणाली. "कुठून चढला असेल हो हा?"

"तिकीट आहे त्याच्याकडे," वडील म्हणाले. "मग ते विचारायचं नसतं."