खंडेरावांनी केलेला नियम

थप्पड एवढ्या जोरात बसली की देवराम दोन पावलं मागे गेला.

"अर्धा तास! कुणाला इचारून गेट उघडं ठेवलंस?" खंडेराव गरजले.

"अण्णा, कुसाबाईच्या दोन सऱ्या ऱ्हायल्या व्हत्या..."

"मंग? तो अर्धा तास खालच्या लोकांचा व्हता. दया करायची तर सोताच्या वाट्यातली कर."

बांधावर दहा-पंधरा शेतकरी उभे होते. कुणी पुढं आलं नाही.

देवराम मूळचा पेठकडचा. पिंपळगावच्या बाजूला मजुरीला आला, तेव्हा खंडेरावांनीच त्याला पाणीवापर संस्थेत पाटकरी म्हणून लावलं. कालव्यातून शेतांकडं पाणी नेणाऱ्या चारीवर ज्याची पाळी असेल त्याचं गेट उघडायचं, वेळ संपली की बंद करायचं, हे काम तो बावीस वर्षं करत होता. अध्यक्ष पहिल्यापासून खंडेरावच. तोंड फाटकं, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. पण एका कोरड्या साली सख्ख्या भावानं पाळी नसताना पाणी घेतलं, तर त्याचं गेट बंद करून हा माणूस दोन दिवस तिथून हलला नव्हता. चारीच्या शेवटच्या शेतांना त्या साली पाणी मिळालं. भावानं मात्र बोलणं टाकलं ते टाकलंच.

गाल हुळहुळत होता, पण देवरामला रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. या माणसातला राग काढून घेतला, तर मागं काय उरेल?

आठवड्यानं संस्थेची सभा होती. अध्यक्षपदावर डोळा असलेल्या धनराजनं देवरामला आधीच सांगून ठेवलं होतं, "काका, तुम्ही फक्त उभं राहा अन् झालं ते सांगा. बाकी आम्ही बघतो."

देवराम उभा राहिला. "अण्णांनी मला मारलं. ते चुकलं त्यांचं. माफी मागावी, एवढंच. पद काढू नका."

खंडेराव उठले. "माफी मागून माणूस सुटतो. नियम काय म्हनतो, वाच गं तृप्ती."

कारकून तृप्तीनं चाचरत वाचलं, "कर्मचाऱ्यावर हात उचलणाऱ्याचं पद जाईल."

नियम खंडेरावांनीच केलेला होता.

"अण्णा, माझी तक्रार नाय," देवराम काकुळतीनं म्हणाला.

"तुला कोन इचारतंय? खाली बस."

राजीनाम्यावर सही करून ते निघून गेले.

धनराज अध्यक्ष झाला. स्वभावानं गोड. गेटवर आला की आधी चहा मागवायचा, देवरामच्या बायकोच्या दुखण्याची चौकशी करायचा. फक्त कुणाला 'नाही' म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. पुढच्याच पाळीत वरच्या सोमनाथशेठच्या द्राक्षबागेचं गेट पाळी संपून दीड दिवस झाला तरी उघडंच होतं. शेवटच्या टोकाला नवसाबाईचा कांदा माना टाकू लागला.

"काढू काहीतरी मार्ग, काका," धनराज म्हणाला. "शेठला दुखवून कसं चालेल?"

देवराम तिथून उठला तो थेट खंडेरावांच्या ओट्यावर गेला. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"अण्णा, तुमी असता तर काय केलं असतं?"

"शिव्या घातल्या असत्या. मंग गेट बंद केलं असतं."

"शिव्या न घालता नाय बंद करता येत?"

खंडेरावांचे हात थांबले.

"मला नाय जमलं कधी," ते म्हणाले. "तू बघ करून."

सकाळी देवराम सोमनाथशेठच्या गेटावर गेला. "शेठ, तुमची पाळी संपली."

"धनराजला इचारलंस?"

"नाय."

त्यानं गेटाचं चाक फिरवायला घेतलं. सोमनाथशेठनं त्याचे आई-बाप काढले. देवरामनं सगळं ऐकून घेतलं, शेवटचा आटा आवळला, कुलूप लावलं आणि हात जोडले.

पाणी खालच्या अंगाला वळलं. देवराम त्याच्या कडेनं नवसाबाईच्या शेताकडं चालू लागला. पाणी सावकाश चाललं होतं, तोही.