पाचवं हळकुंड

मी एक जुनं जादा इंजिन आहे. मित्रांनो, जादा म्हणजे दुसरं कुणी बिघडलं की ज्याची आठवण होते ते.

आज मी सोलापुरात, एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेडमध्ये, लोखंडी घोडीवर बसले आहे. मला उभं चिरलेलं आहे. पोटातलं सगळं दिसावं म्हणून चिरलेल्या कडा लाल रंगानं रंगवल्या आहेत. म्हणून माझी गोष्टही सलग निघत नाही. जिथे कापलं आहे तिथे ती तुटते. पूर्वी प्रवासात माझ्यावर एक जाड आच्छादन असे आणि त्यावर सूचना छापलेल्या असत. त्या मला अजून पाठ आहेत. त्यांना धरून धरून सांगते.

*जपून उचला*

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. हजारो सुटे भाग, शेकडो हात. एका बाईनं माझं एक पातं उजेडात धरून इतका वेळ पाहिलं होतं की मला वाटलं, हिला त्यात स्वतःचा चेहरा दिसतो आहे. मग मी एका चार इंजिनांच्या मोठ्या विमानाला लागले. अकरा वर्षं उडाले. माझं कौतुक फार कुणी केलं नाही, कारण नीट चालणाऱ्या इंजिनाकडे कुणी बघत नाही. एकदा गारांच्या ढगातून बाहेर आल्यावर एका वैमानिकानं खाली उतरून माझ्या अंगावर दोनदा थोपटलं होतं. ते मी जपून ठेवलं आहे.

मग दुरुस्ती झाली, आणि माझी जागा दुसऱ्या इंजिनानं घेतली. मी जादा झाले. तीन वर्षं एका गोदामात होते. तिथे धूळही येत नव्हती.

*वाऱ्यापासून सांभाळा*

एके दिवशी हैदराबादला एक विमान अडकलं. हजला निघालेली चारशे माणसं आणि एक बिघडलेलं इंजिन. मला बोलावणं आलं.

आता तुम्ही विचाराल, एवढं अवजड इंजिन पाठवतात कसं? कधी मालवाहू विमानाच्या पोटातून. पण जुन्या चार इंजिनी विमानांची आणखी एक रीत होती. डाव्या पंखाखाली, धडाच्या जवळ, जादा इंजिन टांगायची सोय असे. मला तिथे टांगलं. वाऱ्यानं मी आपोआप फिरू नये म्हणून माझ्या पंख्याची पाती एकेक करून काढली, पेटीत भरली आणि सामानात ठेवली. तोंडावर टोपी चढवली. मग आम्ही उडालो. माझी चार भावंडं गरजत होती आणि मी त्यांच्या शेजारी तोंड झाकून गप्प. एका बाजूला वजन वाढलं की वैमानिकाला विमान सारखं तोलून धरावं लागतं, वेग बेतानं ठेवावा लागतो. उड्डाणात मी दुसऱ्यावर ओझं झाले, असं तेव्हा पहिल्यांदा घडलं.

त्या विमानाची वाट मुंबईपर्यंतच होती. पुढचा प्रवास रस्त्यानं. हवेच्या फुग्यांवर डुलत चालणारा एक लांब, बुटका ट्रेलर आला. मला दचके बसू नयेत म्हणून तसा. पात्यांची पेटी माझ्या मागे ठेवली. पाती नसल्यामुळे माझा घसा थेट उघडा होता, हे लक्षात ठेवा.

ट्रेलर चालवणारा होता गुरुशांत. सोलापूरजवळच्या कुंभारीचा.

*वाटेत थांबू नये*

थांबला. सोलापूरच्या पुढे एका पुलाचं काम निघालं होतं आणि जड वाहनं दुपारपर्यंत अडवली होती. सुरक्षित जागी थांबा, असा निरोप आला. गुरुशांतला आईच्या घरासमोरच्या मैदानाइतकी सुरक्षित जागा आठवेना. त्यानं ट्रेलर अक्कलकोट रस्त्याला वळवला.

कामगारांच्या वसाहतीत एकसारख्या घरांच्या रांगा होत्या. त्याची आई मल्लव्वा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. घरात त्यांचं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मी मराठीतलंच सांगते.

"ह्ये काय आनलास रं एवढं झाकून?"

"इमानाचं इंजान हाय, अव्वा. हिच्या जिवावर चारशे मानसं उडनार हायती."

"चारशे!" मल्लव्वा माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आली. "आन् ही कुटं चालली?"

"हैदराबादला. तू जेवाय वाढ आदी."

तोवर सगळे मला 'ते' म्हणत. त्या दुपारपासून मी 'ती' झाले.

*उघडू नये*

गुरुशांत भाकरी खाऊन आडवा झाला. मल्लव्वा एक पितळी ताट घेऊन आली, ट्रेलरच्या पायरीवरून वर चढली आणि माझ्या तोंडाकडच्या झाकणाचे बंद सोडू लागली. चाळीस वर्षं विड्यांना दोरा बांधलेली बोटं ती. गाठी तिच्यासमोर टिकल्या नाहीत.

तिनं माझ्या कडेवर तीन बोटांनी विभूती ओढली. मग पदर सावरून ओंजळीनं तांदूळ आत सोडले. त्यावर खोबऱ्याची वाटी, सुपाऱ्या, खारका, हळकुंडं. कन्नडमध्ये ह्याला उडी भरणं म्हणतात, मराठीत ओटी भरणं.

मित्रांनो, मी आयुष्यभर वारा गिळला. कुणी मला हातानं काही दिलं ते तेव्हाच. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. आणि त्याच वेळी मला कळत होतं की माझ्या घशाच्या उतारावरून काहीतरी घरंगळत आत चाललं आहे. ओरडावं म्हटलं तर माझा आवाज घशात नव्हता, इंधनात होता, आणि इंधन नव्हतं.

मल्लव्वानं बंद पुन्हा बांधले. पहिल्यापेक्षा नीट.

*आत कोरडं राहू द्या*

माझ्या आच्छादनाला एक छोटी काचेची खिडकी होती. तिच्यात एक कागद. आत ओल नसेल तर निळा, ओल शिरली तर गुलाबी. रस्त्यात थांबून पट्टे आणि हा कागद तपासायचा, असा नियम होता.

वाहनं सुटली. नळदुर्गच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी गुरुशांतनं ट्रेलर उभा केला, पट्टे ओढून पाहिले, मग खिडकीत डोकावला. कागदाची एक कड गुलाबी झाली होती. तो भोवती फिरला. झाकणाच्या खालच्या शिवणीत त्याला तीन तांदूळ दिसले.

त्यानं तिथेच उभ्यानं घरी फोन लावला.

"अव्वा, गाडीवर चडली हुतीस का?"

"चडले की. का रं?"

"झाकन सोडलंस?"

"सोडलं आन् परत बांदलं. तुज्यापेक्षा चांगलं बांदलंय बघ."

"आत काय टाकलंस?"

"टाकलं काय म्हंतोस! ओटी भरली. दारातनं पोटुशी बाई रिकामी जाऊ देऊ व्हय?"

"अव्वा, बाई न्हाय ती! इंजान हाय!"

"तूच म्हनलास की चारशे मानसं तिच्या जिवावर म्हनून. चारशे जीव घिऊन जानारी पोटुशी न्हाय तर काय मग?"

गुरुशांत ट्रेलरच्या कडेवर बसला. चहावाला लांबून विचारत होता, "डायवर, साखर कमी का?" 

"अव्वा, नीट सांग. काय काय घातलंस? एकूनएक सांग."

तिनं सांगितलं. तो आच्छादन सोडून माझ्या तोंडात कमरेपर्यंत शिरला, मोबाईलचा उजेड धरून. बाहेर काढून तो एकेक वस्तू गमछ्यावर ठेवत गेला.

खोबऱ्याची वाटी.

सुपाऱ्या, पाच.

खारका, पाच.

तांदूळ, ओंजळीओंजळीनं, मग चिमटीनं, मग ओल्या बोटानं एकेक दाणा.

हळकुंडं. एक. दोन. तीन. चार.

 

 

"अव्वा, हळकुंडं चारच घातलीस न्हवं?"

"चार? ओटीत चार घालत्यात व्हय, येड्या? पाच हुती. निवडून घेतली हुती, कुटं किडकं नको म्हनून."

गुरुशांत पुन्हा आत शिरला. त्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि पुढे माझ्या आतल्या, न काढलेल्या बारीक पात्यांच्या रांगांना टेकला. तिथून पुढे माणसाचा हात जात नाही. पाचवं हळकुंड त्या रांगांच्या मागे, खालच्या अंगाला, आडवं अडकलं होतं. त्याच्या बोटांपासून वीतभर लांब. मला ते जाणवत होतं.

तो बाहेर आला. फोन अजून चालूच होता.

"घावलं का?"

"रस्त्यात पडलं आसंल कुटंतरी," तो म्हणाला. आईला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

"झाकन मी बांदलं हुतं. त्यातनं तांदूळ सांडंल एकादा. हळकुंड सांडायचं न्हाय."

"सांगितलं तर ही गाडी जाईल माज्या हातची, अव्वा. ही गाडी सगळ्यांना देत न्हाईत."

 मल्लव्वा म्हणाली, "माजं नाव सांग."

"तुजं नाव कशाला सांगू?"

"मग तुजं सांग. पर सांग. मी शुबाचं म्हनून घातलंय रं. तेच्यानं कुनाचं वंगाळ झालं, तर ह्या हातानं मी परत कुनाची ओटी भरू?"

*पोहोच देताना तपासा*

हैदराबादच्या हँगरमध्ये सगळे घाईत होते. चारशे माणसं दोन दिवस खोळंबली होती. पात्यांची पेटी उघडून झाली होती. एकदा पंखा बसवला की माझा घसा झाकला जाणार होता. गुरुशांतच्या हातात पोहोचेचा कागद होता आणि सही करून निघून जायला त्याला कुणी अडवत नव्हतं.

तो सही न करता अभियंत्याकडे गेला. अभिमन्यू नाव त्यांचं, माळशिरसकडचे.

"साहेब, पंखा बसवू नका. आत हळकुंड हाय."

"काय आहे?"

गुरुशांतनं गमछा सोडून दाखवला. चार हळकुंडं, पाच सुपाऱ्या, सगळं. अभिमन्यूंनी एकदा गमछ्याकडे, एकदा माझ्या कडेवरच्या पुसट विभूतीकडे पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"माज्या गाडीवर झालंय. म्हंजे मीच."

"किती हळकुंडं होती?"

"पाच."

"कशावरून?"

"ओटीत पाचच असत्यात, साहेब."

 अभिमन्यूंनी काम थांबवलं. टोकाला कॅमेरा असलेली एक बारीक नळी माझ्या आत सोडली आणि पडद्यावर माझं पोट पाहू लागले. तासभर काही दिसलं नाही. त्यांचे वरिष्ठ वैतागले. "रस्त्यात पडलं असेल. असलं, तरी लाकडासारखी वस्तू, जळून जाईल. कदाचित काहीच होणार नाही."

"कदाचित नाही होणार," अभिमन्यू म्हणाले. "पण 'कदाचित'वर मी चारशे माणसं बसवत नाही. पाच होती म्हणतोय ना तो. पाचच असणार."

"एका ड्रायव्हरच्या शब्दावर?"

"त्याच्या नाही. ज्या बाईनं ओटी भरली तिच्या."

नळी पुन्हा आत गेली. या वेळी खालच्या अंगानं. पडद्यावर आधी काळोख, मग पात्यांच्या रांगा, आणि त्यांच्या मागे काहीतरी पिवळं, सुरकुतलेलं. हँगरमध्ये कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. ते काढायला संध्याकाळ झाली. काढताना चिमट्यानं एका पात्याची कड खरवडली, पण इतकी किंचित की ती घासून सारखी करता आली.

विमान तिसऱ्या दिवशी गेलं. प्रवाशांनी खूप आरडाओरडा केला आणि त्यांना कारण कुणी सांगितलं नाही. मी त्यांना जेद्दाला नेलं, परतही आणलं. चारशेच्या चारशे. त्यांच्यातल्या कुणालाही मी ठाऊक नाही, मल्लव्वा तर नाहीच.

गुरुशांतच्या हातून तो ट्रेलर गेला. पुढची काही वर्षं तो सिमेंटची पोती वाहत होता, हे मला फार उशिरा कळलं.

*ही बाजू वर*

मग ती मोठी विमानंच सेवेतून गेली. मला भंगारात काढणार होते. अभिमन्यूंनी खटपट करून मला या महाविद्यालयाला मिळवून दिलं. आणताना त्यांनी एकच अट घातली, की चालक गुरुशांतच हवा. तो आला. त्याचे केस पांढरे झाले होते. त्या वेळी त्यानं माझे पट्टे तीन तीनदा ओढून पाहिले.

पहिले काही महिने मला पाहायला गर्दी झाली. आता कबुतरं येतात. परवा एका मुलानं माझ्या चिरेत चॉकलेटचा कागद खोचला आणि इकडेतिकडे बघून निघून गेला. मी आता उडत नाही, त्यामुळे कुणाचं काही बिघडणार नाही. पण मित्रांनो, तो उद्या मोठा होईल आणि एखाद्या चालत्या यंत्रापाशी काम करेल. त्याच्या हातून तिथे काही पडलं, तर इकडेतिकडे बघायची सवय त्याच्याबरोबर तिथेही जाईल. चूक प्रत्येकाच्या हातून होते. प्रेमानंसुद्धा होते, हे मी माझ्या पोटात अनुभवलं आहे. झाली तर जाऊन सांगा. किती टाकलं तेही सांगा, लाज वाटली तरी.

गेल्या महिन्यात गुरुशांत आईला घेऊन आला होता. मल्लव्वा काठी टेकत आली. माझ्या लाल कडा पाहून म्हणाली, "आगं बया, पोट फाडलं की बाईचं!" विद्यार्थी हसले. अभिमन्यूही आले होते. मल्लव्वा माझ्यापासून चार हात लांबच उभी राहिली, दोन्ही हात पदराखाली.

"या की आजी जवळ," अभिमन्यू म्हणाले. "आणि भरायची असेल ओटी तर भरा आता. चालतंय. आता ही उडणार नाही."

"उडनार न्हाय?"

"नाही."

"म्हंजे हितंच ऱ्हानार?"

"व्हय, हितंच," अभिमन्यू तिच्याच बोलीत म्हणाले.

मल्लव्वानं पदराखालून हात बाहेर काढले. ते रिकामे होते.

"मग कसली ओटी? ओटी जानारीची भरत्यात, साहेब. ही तर घरी आली की."

तिनं गुरुशांतकडून पाण्याची बाटली घेतली, पदराचं टोक भिजवलं आणि माझ्या कडेवरची कबुतरांची घाण पुसू लागली. हळूहळू, शिवणीशिवणीतून.

मित्रांनो, तुम्हीही कधी सोलापूरला आलात तर मला भेटायला या. रिकाम्या हातांनी या.